आधी बाबाला विचारा

मुलीची शाळा संपली आणि घरात 'स्कोप' या शब्दाला ऊत आला. ज्यांना स्वतःच्या नोकरीत पुढच्या सोमवारपलीकडचं दिसत नाही, तेही कशाला स्कोप आहे ते छातीठोकपणे सांगू लागले. त्यात मी आघाडीवर. माझा अनुभवच तसा दांडगा आहे.

१९९८ साली मी डिग्रीला कॉम्प्युटर घेतलं. तेव्हा कंपन्या वर्गाच्या दारातून पोरं उचलून नेतात अशी ख्याती होती. मी घासत बसलो. मार्च २००० मध्ये नॅस्डॅक, म्हणजे अमेरिकेतला तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक, शिखरावर पोचला आणि २००२ मध्ये मी पदवी घेऊन निघालो, तोवर जोरात आपटला होता. उचलायला फक्त वडील आले, तेही माझं सामान.

त्यातून शहाणा होऊन २०१२ मध्ये मी पुतण्याला पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घातलं. तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता. "जगाला तेल लागणारच," मी म्हणालो. आजही लागतंच. पण तो शेवटच्या वर्षाला असताना, जानेवारी २०१६ मध्ये, तेच पिंप तीस डॉलरच्या खाली आलं. पुतण्या आता विमा विकतो. पहिली पॉलिसी त्याने मला विकली. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

त्याच वर्षी डॉक्टर झालेली भाची रेडिओलॉजीकडे निघाली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेतलं बडं प्रस्थ जेफ्री हिंटन तेव्हा म्हणाले, स्कॅन वाचायचं काम यंत्रंच करतील, नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. मी तो व्हिडिओ तिला तीनदा पाठवला. तिने ऐकलं नाही. आज तिच्यापुढे इतके स्कॅन साचलेले असतात की माझा फोन उचलायला सवड नसते. निदान ती तसं सांगते. हिंटनना २०२४ मध्ये नोबेल मिळालं. अंदाज आमचा दोघांचा एकच, मला मात्र टोमणे.

परवा जेवताना मी माझी बाजू मांडली. "अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचं प्रारूप म्हणतात. पगार वाढले की झुंड तिकडे धावते. चार वर्षांनी सगळे एकदम बाहेर पडतात, पगार पडतात. मग कुणी फिरकत नाही, की पुन्हा माणसांची चणचण. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये इंजिनिअरांबद्दल हेच मांडलं होतं."

"मग त्या झुंडीत तू नक्की कुठे असतोस, बाबा?" मुलीने विचारलं.

मी पाणी मागितलं.

रात्री ती वही घेऊन आली. "कशात स्कोप आहे, सांग." मी गहिवरलो. डेटा सायन्स म्हणालो, सायबर सुरक्षा म्हणालो, रोबोटिक्सवर तर वीस मिनिटं बोललो. तिने सगळं नीट लिहून घेतलं, आणि मग पट्टी लावून एकेका नावावर काट मारली.

बायकोने मला बाजूला घेतलं. "अहो, तिचं मन तत्त्वज्ञानावर बसलंय," ती कुजबुजली. "पण मला बाई काळजी वाटते. तुम्ही एकदा तिला सांगा ना, त्यात फार स्कोप आहे म्हणून."