माझ्या ग्लासला हात लावायचा नाही

"अरे मस्करी केली होती, तू फारच मनाला लावून घेतलंस." सकाळी सकाळी आलेला मेसेज. पुढे हसून हसून लोळणारे दोन इमोजी. नाहीतर मी गप्पच बसणार होतो.

मस्करी काय होती ते ऐका. एकाच्या निरोपाची पार्टी. मी साधा सोडा घेऊन उभा. फोन आला म्हणून ग्लास टेबलावर ठेवला, बोलून आलो, उचलला. ओठांपाशी नेला आणि दारूचा वास आला. ज्याने वर्षानुवर्षं ढोसली आहे त्याच्या नाकाला हे सांगावं लागत नाही. ग्लास खाली ठेवला तर समोर एक जण खो खो हसतोय. "ओळखलं की रे पठ्ठ्याने!"

खाली ठेवलेला ग्लास परत उचलू नये, असं दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधले जुने लोक सांगतात. बरोबर आहे त्यांचं. पण मित्रांच्या टेबलावरही पहारा द्यायचा का मी?

मी डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिराम घेतो. दारू शरीरात मोडताना मधल्या टप्प्यावर असिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. एरवी एक एन्झाइम त्याचा निकाल लावतं, ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. मग पोटात थोडी जरी दारू गेली तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. कधी जिवावरही बेततं. गोळी बंद केली तरी तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. गोळीचं त्याला ठाऊक नव्हतं, मान्य. मी दारू सोडली आहे हे तर ठाऊक होतं ना? तेवढं पुरेसं नाही?

आणि ज्यांना वाटतं की हा सगळा मनाच्या निग्रहाचा खेळ आहे, त्यांच्यासाठी पुढचं. वास आला तेव्हा मला आधी राग नाही आला. आधी तोंडाला पाणी सुटलं. हसणाऱ्याला ते दिसलं नाही, मला कळलं. दारू सोडली की सुरुवातीचे महिने झोप धड लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवर डोकं फिरतं, आणि तलफ न सांगता येते. अशा वेळी निग्रहाच्या गप्पा मारणाऱ्यांनी कृपया आपला निग्रह स्वतःपाशी ठेवावा. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तो अर्धा तास काढायचा असतो, बस.

मी जिन्यात जाऊन स्पॉन्सरला, म्हणजे माझ्या आधी दारू सोडलेल्या आणि मला सांभाळून घेणाऱ्या मीटिंगमधल्या माणसाला, फोन लावला. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाच्या दारू सोडलेल्या माणसानेही असाच फोन लावला होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन, आणि सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्या फोनाफोनीतून डॉ. बॉब या दारूच्या आहारी गेलेल्या डॉक्टरची गाठ पडली आणि मी जिच्या मीटिंगला जातो ती दारू सोडणाऱ्यांची संघटना, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये अनेकदा ऐकली होती, कंटाळलोही होतो. त्या जिन्यात पहिल्यांदा पटली.

अशा ठिकाणी जायचंच कशाला, असं बायको म्हणते. सध्यापुरतं तिचं ऐकणार आहे. पण सगळ्यांनीच असं ग्लासात ओतलं तर मी माणसांतून उठायचं का?

सगळे तसे नाहीत, हेही लिहायला हवं. मी जिन्यात असताना एक जण मागून आला. काय झालं, कसं झालं, एक शब्द नाही. माझी बॅग आणली होती आणि सील न तोडलेली पाण्याची बाटली. सील माझ्याकडूनच तोडून घेतलं. म्हणाला, "चल, घरी सोडतो." वाटेत क्रिकेटवर बोलत होता. त्याचं नाव इथे लिहिलं तर शिव्या घालेल, म्हणून लिहीत नाही.

त्या मस्करीवाल्याला एवढंच, की माफी मागायची असेल तर इमोजी न टाकता माग. बाकीच्यांनो, कॉमेंटमध्ये अभिनंदन नको, हात जोडलेले फोटो नकोत. आणि "कधीतरी थोडीशी चालते रे" असं जो लिहील, त्याला वाद न घालता थेट ब्लॉक करणार आहे. मग नातेवाईक असो की बॉस.