सूर्य बघायला आले, सेल्फीस्टिका बघितल्या
सलग तिसरी संध्याकाळ! ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या इया गावात, किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी दोन तास आधी येऊन ताटकळले, आणि सूर्य? समोरच्या बाबाच्या सेल्फीस्टिकमागे. अहो, जेमतेम १५ हजार वस्तीचं बेट, त्यावर क्रूझ जहाजं सकाळपासून माणसं ओततात. ‘फिरा’ या बेटावरच्या मुख्य गावाच्या जुन्या बंदरातून वर यायला केबल कारची मारुतीच्या शेपटासारखी रांग. नाहीतर चढा ५८०च्या वर पायऱ्या, गाढवांची लीद चुकवत. लोकांच्या छपरांवर चढू नका, असं सांगूनही एक बाई फुगलेला लाल झगा सावरत चढलीच. फोटोसाठी! सूर्य बुडाला की वर टाळ्या. कशाला? तो रोजच बुडतो. मी मात्र अजून बसच्या रांगेत, भिंतीच्या चुन्याने पांढरीफटक.