‘वेड्याला आधी कोठडी, मग डॉक्टर’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पोलीस आणि मनोविकारतज्ज्ञ मिळून वेड्यांना जेलपासून वाचवणार, म्हणजे गुन्हेगारांना पळवाट. हे लोक धोकादायकच, दोन दिवस आत टाकले की सुतासारखे सरळ होतात. आणि ही थेरं अमेरिकेची.

आधी ‘आत टाका’चं बघू, कारण ते कायद्यानं जमतच नाही. समजा, रात्री सीबीएस स्टँडवर कुणी कपडे फाडत ओरडत सुटलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100 म्हणतं, अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणासाठी ताब्यात घ्यायचं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडं म्हणजे सीपीआर. लॉकअप किंवा तुरुंग, कुठल्याही परिस्थितीत नाही. तपासणी करवून घेणं तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम. माणूस बेवारस असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे, तेही पोलिसांनीच. म्हणजे ही हातमिळवणी कुणाची मेहरबानी नाही, ड्युटी आहे.

पळवाट? खून, मारामारी केली तर गुन्हा नोंद होतोच. ‘वेडाच्या भरात काय करतोय ते कळत नव्हतं’ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 चा बचाव कोर्टात सिद्ध करावा लागतो. नुसती डॉक्टरची चिठ्ठी दाखवून भागत नाही. त्यावर सुटला तरी कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवतं, नाहीतर हमी घेऊन नातेवाइकाकडं सोपवतं.

‘धोकादायकच’ हेही खोटं. बहुतेक मनोरुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट मार खाणाऱ्यांतच जास्त सापडतात. दारू आणि तुटलेले औषधोपचार यांनी धोका वाढतो. कोठडीत नेमकी गोळी चुकते, झोप उडते. सुतासारखा सरळ कसला, आणखी बिघडतो.

अमेरिकेचं मात्र अर्धं खरं. मेम्फिसमध्ये 1987 साली पोलिसांच्या गोळीनं एक मनोरुग्ण तरुण गेला, आणि 1988 मध्ये पोलिसांना 40 तासांचं प्रशिक्षण देणारं पथक उभं राहिलं. अशा प्रशिक्षणानं अटका घटतात का, यावर अभ्यासांचं एकमत नाही, हे मान्य. पण तिथली खरी मेख दवाखान्यात होती: पोलिसानं आणलेला रुग्ण परत पाठवायचा नाही, आणि पोलिसाला लगेच मोकळं करायचं.

मेसेजवाल्यांनी याच्यावर बोट ठेवायला हवं होतं. एका हातानं रुग्णाचं मनगट धरून दुसऱ्या हातानं केसपेपर सांभाळत हवालदार कॅज्युअल्टीबाहेर रात्र काढणार असेल, तर पुढच्या वेळी तो अशा कॉलवर पाय ओढतच जाईल. आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याला आंबा घाट उतरून रत्नागिरीला. सीपीआरमध्ये रात्री रुग्ण कोण ताब्यात घेणार, पुढं रत्नागिरीला न्यायला गाडी कुणाची, हे दोन प्रश्न पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारा.

तोवर घरात अशी वेळ आली तर 112 ला फोन करताना ‘भांडण चाललंय’ एवढंच सांगू नका. मानसिक आजार आहे, कुठल्या गोळ्या चालू होत्या, कधीपासून बंद आहेत, हातात काही आहे का, हे सगळं सांगा. मारहाणीचं भय नसेल तर आधी टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. तिथं मराठीत बोलतात.