पायाने झूम करा म्हणे! पाय ठेवायला जागा कुठे आहे?

गणपती जवळ आले की फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: '१८-३०० सारखी ऑल-इन-वन झूम घेऊ नका. फोटो मऊ येतात, अंधारात चालत नाही, मागचं ब्लर होत नाही. ५० एमएम एफ १.८ घ्या आणि पायाने झूम करा.' (१८, ५०, ३०० हे मिमीतले आकडे: आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं आणि चौकटीत कमी मावतं. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त. ५० ला झूमच नाही, म्हणून जवळ-लांब स्वतः चालत जायचं.)

शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर एकदा जिथे अडकलात तिथेच रात्र काढायची. त्याच जागेवरून १८ ला अख्खी गर्दी येते आणि ३०० ला तराफ्यावरच्या माणसाचा चेहरा. ५० वाला म्हणेल, नंतर क्रॉप करू. करा की! ३०० ची चौकट हवी तर लांबी-रुंदी दोन्ही सहाव्या हिश्शावर येतात आणि २४ मेगापिक्सेलमधला पाऊण मेगापिक्सेलही हाती राहत नाही. लालबागच्या मंडपात उलटी पंचाईत. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर ५० चा आवाका फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या ७५ इतका, मूर्ती चौकटीत मावत नाही आणि मागचे लोक मागे सरकू देत नाहीत. शिवडीला रोहित पक्ष्यांकडे पायाने झूम करणाऱ्याला चिखलातून ओढून कोण काढणार?

ब्लर होत नाही, हे तर साफ चूक. ३०० ला एफ ६.३ म्हणजे सुमारे ४८ मिमी व्यासाचं छिद्र. ५० एफ १.८ चं जेमतेम २८. चेहरा दोन्हीकडे तेवढाच मोठा घेतला तर दूरची पार्श्वभूमी झूमवर जास्त विरघळते. अट एकच, सहापट लांब उभं राहायचं. मरीन ड्राइव्हवर जमेल, चाळीतल्या खोलीत नाही.

मऊपणा, म्हणजे बारकावे धारदार न येणं, आहे, विशेषतः ३०० ला आणि कोपऱ्यांत. पण ए४ प्रिंटला नऊएक मेगापिक्सेल पुरतात. त्या आकारात कोपरे कोण तपासतं?

अंधाराचं मात्र मान्य, अगदी पुरेपूर. एफ १.८ च्या तुलनेत एफ ६.३ ला बारा पट कमी प्रकाश मिळतो. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) १६०० वर भागलं असतं तिथे वीस हजाराच्या आसपास जावं लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळतं, ढोलावर पडणारं टिपरू थांबवत नाही. १८ ला एफ ३.५ असल्याने थोडी सुटका होते, तरी रात्रीच्या पथकासाठी ५० खिशात असलेली बरी. फक्त गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका, तो थेट सेन्सरवर बसतो.

झूमचा एक खरा दोष या फॉरवर्डमध्ये नाहीच. झूम करताना बॅरल, म्हणजे लेन्सची नळी, आतबाहेर होताना बाहेरची हवाही आत ओढली जाते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्या हवेत दमटपणा मुरलेला असतो. लेन्स तशीच बॅगेत कोंबून कपाटात ठेवली की काचेवर फंगस धरतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढं पुरतं. जेल ओलं झालं की बदलायचं.