नव्या लॅपटॉपवर आधीच टाकलेले रुमाल

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. (आपणही टाकलेत, नाकारू नका.) गेल्या महिन्यात भाचीचा नवाकोरा लॅपटॉप घेऊन बसलो तेव्हा तेच आठवलं. गाडी अख्खी आपण विकत घेतलेली आणि आत चढावं तर निम्म्या सीटांवर परक्यांचे रुमाल, म्हणजे न मागता आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स.

भाची आठवीत. बहिणीने दिवाळीत २५ हजारांच्या आतला लॅपटॉप घेऊन दिला. तीन आठवड्यांत फोन आला, "मामा, यात व्हायरस शिरलाय. शप्पथ, मी काहीच नाही केलं." आवाज रडवेला. झालं होतं इतकंच, की सोबत आलेल्या अँटिव्हायरसची फुकटची मुदत संपत आली होती आणि कोपऱ्यात एक लाल चौकट सारखी डोकं वर काढत होती: तुमचा संगणक धोक्यात आहे, आत्ताच पैसे भरा. बहीण कार्ड हातात घेऊनच बसली होती. १३ वर्षांच्या पोरीला घाबरवून तिच्या आईच्या पर्समध्ये हात घालायचा, याला मी तरी विक्री म्हणत नाही.

विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस मुळातच असतो, फुकट. दुसरा कुणी येऊन बसला की तो बाजूला सरकतो आणि दुसऱ्याला काढलं की आपोआप परत कामाला लागतो. दुकानात एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

बरं, यंत्र काय? ४ जीबी रॅम आणि फाइली साठवायला ६४ जीबी ईएमएमसी नावाची स्वस्तातली चिप. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेली किमान अट नेमकी एवढीच आहे. म्हणजे पोरगं पहिल्याच दिवशी काठावर पास. ही ईएमएमसी बोर्डावरच डकवलेली असते, महागड्या लॅपटॉपमधल्या एसएसडी साठवणुकीपेक्षा पुष्कळ संथ आणि काढून मोठी बसवता येत नाही. १६ जीबी रॅमच्या महागड्या लॅपटॉपवर असे दहा रुमाल खपून जातात, कळतही नाही. इथे मात्र विंडोजची अपडेट उतरवायलाही जागा पुरेना. ज्याला ओझं झेपत नाही त्याच्याच डोक्यावर बोचकी.

साफसफाईला दीड तास लागला. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. अँटिव्हायरस आणि त्याचं ब्राउझरमधलं शेपूट, एक व्हीपीएन, खरेदीचे दोन शॉर्टकट, मुदतबंद पीडीएफ एडिटर, लॅपटॉप कंपनीचंच 'ऑफर' दाखवणारं अ‍ॅप, सगळं काढलं. स्टार्ट मेनूतले काही खेळ तर आत नसतातच, नुसती पाटी असते. बोट लागलं की मग उतरतात. अँटिव्हायरस साध्या अनइन्स्टॉलने कधी कधी पुरता जात नाही, तेव्हा त्याच्याच कंपनीच्या साइटवरचं काढायचं टूल वापरावं. मग टास्क मॅनेजरमध्ये जाऊन सुरुवातीलाच जागे होणारे आगंतुक बंद केले.

काय काढलं नाही, तेही सांगतो, कारण काही जणांचा हात फार चालतो. टचपॅड, आवाज, ग्राफिक्स चालवणारे ड्रायव्हर, इतर अ‍ॅप्सना चालायला लागणारे व्हिज्युअल सी++ आणि वेबव्ह्यू, आणि बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) अपडेट आणणारं कंपनीचं अ‍ॅप यांना हात लावला नाही. आणि 'ही एक ओळ पेस्ट करा, लॅपटॉप रॉकेट होईल' असले व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय तर नकोच. माझ्या एका मित्राने त्या एका ओळीत मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उडवलं.

"स्वस्तात मिळतोय ना, मग चालायचंच," असं मेहुणे म्हणाले. नाही चालायचं, दाजी. २०१४च्या शेवटी लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं असायचं. २०१५च्या फेब्रुवारीत उघड झालं, की त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी मानायची ते ब्राउझरला सांगणारा दाखला, बसवलंय आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची किल्ली एकच! ती एकदा फुटल्यावर तुमच्या आणि बँकेच्या मध्ये कुणालाही बसता आलं असतं. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं, २०१७मध्ये तडजोड झाली. रुमाल टाकणारा नुसता जागाच अडवतो असं नाही, कधी तो आपली पिशवीही चाचपतो.

आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. वाचायला छान वाटतं. पण घरोघरी मुलांचे लॅपटॉप सुरू होतात ते आईबाबांच्या ईमेलवर, म्हणजे कंपनीच्या लेखी समोर बसलेली ही आठवीतली पोरगी चाळिशीची बाई असते. माझं मागणं साधं आहे: पहिल्यांदा लॅपटॉप सुरू होताना एकच प्रश्न विचारा, 'सोबतची अ‍ॅप्स हवीत की कोरा हवा?' आणि आधीपासूनची टिकमार्क 'कोरा'वर ठेवा. ज्याला हवं तो घेईल. आता कुणी म्हणेल, या अ‍ॅपवाल्यांकडून लॅपटॉप कंपनीला मिळणारे पैसे बुडतील, मग किंमत वाढेल. वाढू द्या की थोडी. निदान छापील किमतीत दिसेल तरी.

लॅपटॉप परत दिला. दहा मिनिटांत आरोळी, "मामाऽऽ, पत्ते कुठे गेले?" साफसफाईच्या झपाट्यात मी सॉलिटेअरही काढलं होतं. म्हटलं, अगं, त्यात मध्येमध्ये जाहिराती येतात. तर म्हणे, "येऊ देत. तेवढ्यात मी पाणी पिऊन येते."

गुपचूप परत टाकून दिलं.