बाई भक्त हवी, पुढारी नको: काही कामाच्या टिप्स

मंडळी, समजा तुमच्या मंदिरात, चर्चमध्ये, ट्रस्टमध्ये, कुठेही, एखादी बाई निघाली जिला धर्मातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि वर ती इतर बायकांनाही शिकवून पुढे काढायला लागली, तर घाबरून जाऊ नका. पंडिता रमाबाईंच्या केसमध्ये सगळे उपाय करून झालेत, तुम्ही फक्त कॉपी मारायची.

सगळ्यात आधी पदवी द्या. १८७८ ला कलकत्त्यात विशीतल्या पोरीने संस्कृतात बोलून भल्याभल्या शास्त्र्यांना गार केलं, तर लगेच तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' करून टाकलं की नाही? बाईला देवी केलं की बरं असतं, देवीला कमिटीवर घ्यावं लागत नाही. (यातला पहिला अर्धा भाग महिला दिनाच्या भाषणाला चालेल.)

अर्थात खरा घोळ आधीच झालेला असतो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, बायकोने मुलीला शिकवलं, असले नवरे वेळीच गाठायला हवेत. नाहीतर मग पदवी घेऊन गप्प बसायचं सोडून बाई १८८२ ला पुण्यात येते, आर्य महिला समाज काढते आणि सरकारच्या शिक्षण चौकशीच्या हंटर कमिशनपुढे जाऊन सांगते की बायकांना शिक्षिका करा, डॉक्टर करा. घ्या!

बरं, हा ताप फक्त आपल्या सोवळ्यातल्या मंडळींना झाला असं वाटत असेल तर छे हो. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाईंनी बाप्तिस्मा घेतला, तिकडचे खूश. मग त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवायचा विषय निघाला आणि मुंबईच्या नि लाहोरच्या बिशपांना एकदम आठवलं की पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात बाईंचं वजन राहणार नाही. काय शिताफी बघा, हरकत स्वतःची आणि बिल फाडलं हिंदुस्थानातल्या लोकांच्या नावावर! हा उपाय आजही हमखास चालतो, 'मला काही प्रॉब्लेम नाही हो, पण लोक काय म्हणतील'. फक्त समोर रमाबाई नसावी. तिने उलट लिहिलं की माझ्या वडलांची किंवा नवऱ्याची याला कधी हरकत नव्हती. आणि एका पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसलंच दुसरं आता मानेवर घेणार नाही, हेही कळवून टाकलं.

यापुढचं हत्यार म्हणजे राजीनामा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत बाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांना ठेवून शिकवायची शाळा, निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, आणि १८९३ ला मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात म्हणून बोंब उठली, केसरीने झोडपलं, रानडे-भांडारकरांसारखे सुधारकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. खरं सांगायचं तर शंका घ्यायला जागाच नव्हती असं मी म्हणणार नाही, धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं सांगूनच संस्था काढली होती. पण यातली घ्यायची टीप वेगळीच आहे, एवढ्या वादात आतल्या विधवांना तुमचं काय म्हणणं आहे हे विचारायचं नाही. त्यांना एकदा मत फुटलं की संपलंच, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून मोकळ्या झाल्या.

आणि काही झालं तरी बाईला गावाबाहेर जागा घेऊ देऊ नका. पुण्याजवळ केडगावला बाईंनी मुक्ती मिशन काढलं, तिथे काय झालं बघा. १८९६-९७ च्या दुष्काळातून मुली गोळा करून आणल्या, तर निदान दोन वेळचं जेवण घालून, भजनं म्हणायला लावून बसवायच्या ना? बाईंनी त्यांना शेती दिली, विणकाम दिलं, प्रार्थना चालवायला दिली, वर छापखाना दिला. मग स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, आणि त्याचे खिळे जुळवायला कोण, तर सकाळी जिचं तोंड बघू नये म्हणायचे ती विधवा. देवाच्या पुस्तकातला काना-मात्रा तिच्या हातात! धर्माचं काय राहिलं मग?

५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, त्यानंतरचं सगळं सोपं आहे. पोस्टाने १९८९ ला त्यांचं तिकीट काढलंय, त्याचा फोटो २३ एप्रिलला जयंतीला स्टेटसला ठेवा. कार्यक्रम घ्या, 'धर्म आणि स्त्रीनेतृत्व' विषय ठेवा, स्टेजवर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, ट्रस्टी असे पाच-सहा अण्णा-अप्पा बसवा, आणि आभार मानायला एखाद्या ताईंना सांगा, दोन मिनिटांत आवरा म्हणावं, खाली चहा गार होतोय.