काकू, हाडात उतरणार का ते माझ्या ट्यूबमध्ये दिसत नाही

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं रक्त तपासायचं छोटं केंद्र आहे. साध्या तपासण्या इथंच होतात, बाकीचे नमुने बर्फाच्या डब्यातून नागपूरला जातात. कापसाची वेचणी लागली की दुपारी कोणी फिरकत नाही. अशाच एका दुपारी स्तनाच्या कॅन्सरचा इलाज घेणाऱ्या एक काकू आल्या. हातात पन्नी, पन्नीत घड्या पडलेली फाईल आणि पोराचा मोबाईल.

"दादा, हे तपासनी करून द्या ना जी. माह्या हाडात उतरते का नाही ते समजते म्हनते यात."

मोबाईलवर तोच मेसेज, जो आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार गोष्टी आहेत. स्तनाचा कॅन्सर हाडात पसरणार असेल तर रक्तात सहा महिने आधीच कळतं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी सीए १५-३ आणि हाडाचे मार्कर, म्हणजे कॅन्सरची आणि हाडाची खूण दाखवणारे रक्तातले पदार्थ, तपासावेत. रिपोर्ट नॉर्मल आला की काळजी मिटली. आणि डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत. ही तपासणी पाठवली की मला कमिशन सुटतं, तेव्हा खालचं सगळं मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन लिहितोय असं समजा.

"आधीच कळतं" यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. हा आजार दूर पसरतो तेव्हा हाड हे त्याचं सगळ्यात नेहमीचं ठिकाण. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये ७३५ मृत बायकांच्या नोंदी तपासून मांडलं की कॅन्सर कुठंही उगवत नाही, बी आणि जमीन जुळावी लागते. वावर कसणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हाड ही त्या बियाची आवडती जमीन. अलीकडे ब्रिटनमधल्या संशोधकांनी झोलेड्रोनिक ॲसिड या हाडाची झीज रोखणाऱ्या औषधाच्या ॲझ्युअर नावाच्या चाचणीत ३,३६० बायका घेतल्या. त्यातल्या काहींचं सुरुवातीला साठवलेलं रक्त नंतर तपासलं. ज्यांच्यात हाडाची झीज-भर दाखवणारे मार्कर जास्त होते, त्यांच्यात पुढे हाडात पसरण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मॅफ नावाच्या जनुकाच्या जादा प्रतींचाही असाच अभ्यास झाला, पण तो गाठीच्या तुकड्यावर; रक्ताच्या ट्यूबमध्ये ते मापत नाहीत.

पण हा हिशेब शेकडो बायकांच्या गटाचा आहे. गटात धोका जास्त दिसला म्हणून एकट्या काकूंचं भाकीत होत नाही. हाड म्हणजे मातीच्या घराची भिंत: जुनं खरवडायचं, नवं लिंपायचं, हे रोज चालू असतं. सीटीएक्स हा मार्कर म्हणजे त्या खरवडीतून रक्तात आलेला चुरा. चुरा कशानं वाढला हे तो सांगत नाही. तो पहाटे जास्त असतो, जेवणानंतर उतरतो, म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यावा लागतो. काकू दीड वाजता भाकर खाऊन, एसटीनं धक्के खात आल्या होत्या. तो आकडा कागदावर छान छापून आला असता आणि त्याला काडीचा अर्थ नसता. शिवाय हाड मोडून जुळत असेल तरी तो वाढतो, ड जीवनसत्त्व कमी असेल तरी वाढतो, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठीच दिलेल्या लेट्रोझोलच्या गोळीनंही वाढतो. म्हणजे इलाज नीट चालू असताना रिपोर्ट घाबरवणार!

सीए १५-३ चं थोडक्यात सांगतो. यकृताच्या दुखण्यातही तो वाढतो, आणि आजार थोडा पसरला असताना अनेकदा नॉर्मलच असतो. ज्यांच्यात आजार आधीच पसरलाय, त्यांच्यावर औषध लागू पडतंय का हे बघायला डॉक्टर तो स्कॅनच्या जोडीला वापरतात. काही त्रास नसलेल्या बाईचा नियमित करू नये, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. वर्षातून चारदा हे दोन्ही करायचं तर दर खेपेला वेचणीची आठ-दहा दिवसांची मजुरी जाते.

"नॉर्मल म्हणजे काळजी मिटली" हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खुपतं. हार्मोनवर वाढणाऱ्या जातीचा कॅन्सर पाच वर्षं गोळ्या घेऊन झाल्यावरही, निदानापासून वीस वर्षांपर्यंत उलटू शकतो. तीन महिन्यांचा कागद त्याची हमी कशी देणार? आमच्याकडे निंदण-वेचणीनं कंबर कोणाची दुखत नाही? पण जे दुखणं आराम केला तरी जात नाही, रात्री झोपेतून उठवतं, दिवसेंदिवस वाढतं, ते रिपोर्ट नॉर्मल असला तरी दाखवायचं. पायातली ताकद गेली, बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. खूप तहान, बद्धकोष्ठ आणि गुंगी एकदम आली, तरी थांबायचं नाही. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते.

राहिलं डॉक्टर लपवतात हे. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एका गटाला नियमित हाडाचे स्कॅन, एक्स-रे वगैरे. दुसऱ्याला डॉक्टरची तपासणी आणि मॅमोग्राफी. जास्त तपासण्यांनी बायका जास्त जगल्या नाहीत. औषधं तेव्हाची होती, हा आक्षेप रास्त आहे. पण हे निकाल तीस वर्षं उघड छापलेले आहेत. यात लपवलंय काय?

मग मी काकूंची फाईल उघडली. तिसऱ्याच पानावर बायोप्सीचा रिपोर्ट: इआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी जात. हाही एक मार्करच, आणि या जातीचा ओढा हाडाकडे जास्त असतो हे डॉक्टरांना ठाऊक आहे. काखेतल्या किती गाठींत आजार होता, तेही लिहिलेलं. ज्याच्यासाठी काकू पैसे मोजायला निघाल्या होत्या, त्यातलं कामाचं बरंचसं पन्नीतच होतं.

"गोळी चालू आहे ना?"

"सोडली दोन महिने झाले. सांधे लय दुखते तिनं."

लेट्रोझोलनं सांधे दुखतात, खरं आहे. पण त्याला उपाय असतात, कधी गोळी बदलून देतात. आपल्या मनानं सोडायची नसते. पाळी गेलेल्या बायकांना झोलेड्रोनिक ॲसिडसारखी औषधं दिली तर हाडात उलटण्याचं प्रमाण घटतं, हे १८,७६६ बायकांच्या माहितीवरून २०१५ मध्ये दिसलं आहे. ते काकूंना लागू आहे का, त्यांचे दात आणि किडनी त्याला चालतील का, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

रक्त मी घेतलं नाही. पन्नीच्या तळाशी गोळीची अर्धी पट्टी होती. तिचा आणि बायोप्सीच्या पानाचा फोटो पोराच्या मोबाईलमध्ये काढून दिला, कागदावर दोन प्रश्न लिहिले आणि सोमवारची ओपीडी गाठायला सांगितलं. काकू दारातून परत वळल्या.

"मंग तुमचे किती झाले?"

"काही नाही जी. बस चुकन, निघा."